सदसद्विवेकबुद्धी

बरे-वाईट यांचा निवाडा करणारी मनाची शक्ती. ती निसर्गतः लाभते की विचाराने घडते, हा नीतिशास्त्रातील जुना वाद आहे.

मराठीत या वादाची पद्धतशीर मांडणी लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथात आढळते. नीतिनिर्णयाचे आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक असे तीन पक्ष त्यांनी मानले. पहिला सुखदुःखाच्या बाह्य परिणामांवरून नीती ठरवतो. दुसरा सदसद्विवेकाला स्वयंभू देवता समजतो. टिळकांना दोन्ही अपुरे वाटले. ही देवता उपजत असती, तर तिचा कौल सर्वांच्या ठिकाणी सारखाच आला असता; प्रत्यक्षात तो संस्कारांनुसार बदलतो. निवड करते ती बुद्धीच, आणि ती आधी शुद्ध व्हावी लागते. आक्षेपाचा हा भाग विवेचनात सर्वांत भक्कम आहे. त्याआधी आगरकरांनी ‘सुधारक’मधून (१८८८) आचाराची कसोटी बुद्धीकडे सोपवली होती, महात्मा फुले यांनी मात्र नीतीचे मूळ निर्मिकाच्या सत्यात पाहिले (पहा : सार्वजनिक सत्यधर्म).

वर्ध्याशी या विषयाचा संबंध गांधीजींमुळे येतो. वर्धा शहरापासून सेवाग्राम सुमारे आठ किमी. आहे. मे १९३३ मधील एकवीस दिवसांच्या उपवासामागे गांधीजींनी अंतर्नादाची प्रेरणा सांगितली; तथापि व्रतांच्या शिस्तीवाचून असा दावा करण्याचा अधिकार त्यांनी कोणालाही दिला नाही (पहा : एकादश व्रते). १९३६ मध्ये ते शेगावी राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले.