‘सी-साठ’ : एका पथकाच्या नांवाची कुळकथा

प्राणहितेच्या कांठच्या अहेरी गांवीं ‘सी-साठ’ म्हणजे काय, हें कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. पोलिसांचें जंगलांत लढणारें पथक, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु या आंखूड नांवाचा प्रवास मोठा लांबचा आहे.

१९८० च्या सुमारास तेलंगणांतून सशस्त्र नक्षलवादी टोळ्या या अरण्यांत उतरल्या. १९८२ सालीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि १९९० च्या डिसेंबरांत तेथील पोलिस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनीं साठ निवडक जवानांचें एक दल उभारलें. ‘सी’ हें कमांडो या शब्दाचें इंग्रजी आद्याक्षर आणि साठ ही जवानांची संख्या. १९९४ मध्यें अहेरीच्या प्राणहिता उपमुख्यालयांत दुसरी तुकडी उभी राहिली. पुढें संख्या पुष्कळच वाढली; नांव मात्र साठाचेंच राहिलें. यांत नवल नाहीं. मोगलांच्या पंचहजारी मनसबदारापाशीं पांच हजार स्वार असतच असें नाहीं, आणि रोमन सैन्यांतील शताधिपतीच्या हाताखालीं बहुधा ऐंशीच शिपाई असत.

आतां ‘कमांडो’ हा शब्द पहावा. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ हुकमत. दक्षिण आफ्रिकेंतील डच वसाहतवाल्यांत त्याला निराळा अर्थ आला. जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकरी आपला घोडा व बंदूक घेऊन लढाईसाठीं जमत. त्या जमावास ते कमांडो म्हणत. शब्द पथकाचा होता, माणसाचा नव्हे. अशा पथकांनीं तेथील मूळ रहिवाशांवर निर्दय स्वाऱ्या केल्या. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत त्यांनींच इंग्रजांस जेरीस आणलें. आणि १९४० सालीं इंग्रजांनीं शत्रूचा हा शब्द आपल्या छापा घालणाऱ्या पथकांस दिला. पुढें पथकाचें नांव त्यांतील एकेका शिपायास लागूं लागलें.

म्हणजे मूळ रहिवाशांवर चालून जाणाऱ्यांचें हें नांव अहेरीस आलें, तें आदिवासी तरुणांनींच धारण केलें. कारण या दलांत भरती होते ती याच जिल्ह्यांतील, गोंडी व माडिया जाणणाऱ्या, रानवाटा पायांखालच्या असलेल्या जवानांची.

समोरच्या पक्षाचा शब्द ‘दलम्’. तो तेलुगूंतून आला; पण मूळ संस्कृत ‘दल’, जें आपल्या घोडदळांत व पायदळांतही आहे. अहेरी जमीनदारींतील मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके १८५८ सालीं इंग्रजांवर उठले, तेव्हां त्यांच्या सेनेसही जंगोम दल असेंच म्हटलें गेलें. त्या वर्षींच्या २१ ऑक्टोबरला चांद्यास त्यांना फांशी देण्यांत आली.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजीं नक्षलवाद्यांचा पुढारी भूपती याने गडचिरोलींत साठ साथीदारांसह शस्त्रें खालीं ठेवलीं. कमांडो आणि दलम् हे दोन्ही शब्द बाहेरून आले. त्यांच्यामागें उभीं राहिलेलीं माणसें मात्र पुष्कळदां याच रानांतलीं, एकच बोली बोलणारीं होतीं. पथकांचीं नांवें इतिहासांत राहतात. त्या नांवांखालीं पडलेल्यांचीं घरें अहेरीच्या आसपासच्या खेड्यांत आहेत.