सेडी म्हणजे कवडी
घानाचे कर्ज, घानाचे चलन आणि भरपाई करणारी माणसे

मराठीत कवडीला दोन जन्म आहेत. एकीकडे ती 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक' अशा शब्दांतून क्षुद्रतेची खूण बनून राहिली आहे. दुसरीकडे भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात माळ होऊन ती पूज्य ठरली आहे. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाने मात्र तिला थेट राष्ट्रीय चलनाचे नाव दिले. घानाचे चलन 'सेडी'. तेथील अकान भाषेत कवडीला जो शब्द आहे, त्यावरूनच हे नाव आले. १९६५ मध्ये मोठ्या अभिमानाने ठेवलेले हे नाव पुढच्या साठ वर्षांत एवढे बोचरे ठरेल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

सेडीच्या घसरणीचा इतिहास म्हणजे घानाच्या सार्वजनिक कर्जाचा इतिहास. दोन्ही एकत्र वाचले की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : सरकारने काढलेले कर्ज शेवटी फेडते कोण?

१.

पश्चिम आफ्रिकेत चालणारी कवडी मुळात आपल्या शेजारची. मालदीवच्या उथळ समुद्रातून काढलेल्या कवड्या हिंदी महासागरातील व्यापारी मार्गांनी युरोपात जात. जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरायच्या वजनाचेही काम त्या करत. अ‍ॅमस्टरडॅम आणि लंडनच्या बाजारांत त्यांची विक्री होई आणि तेथून त्या गिनीच्या आखाताकडे निघत. तेथे त्यांच्या मोबदल्यात कापड, पामतेल आणि माणसेही विकत घेतली जात. गुलामांच्या व्यापारात कवडी हे रोख नाणे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पूर्व आफ्रिकेच्या झांझिबार किनाऱ्यावर जाड, ओबडधोबड, पण अतिशय स्वस्त कवड्या सापडल्या. त्यांनी त्या जहाजे भरभरून पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः लागोस आणि दाहोमीच्या बाजूला ओतल्या. काही दशकांतच कवडीचे मोल कोसळले. ज्यांनी आयुष्यभराची बचत कवड्यांत ठेवली होती, त्यांच्याकडे पोती उरली आणि किंमत गेली. चलन किती असावे हे ज्यांच्या हातात नाही, त्यांच्या बचतीचे काय होते, याचा हा पहिला धडा. दुर्दैवाने तो शेवटचा नव्हता.

२.

इंग्रजांनी १९१२ मध्ये आपल्या पश्चिम आफ्रिकी वसाहतींसाठी लंडनमध्ये एक चलनमंडळ स्थापन केले. त्याची व्यवस्था साधी होती : वसाहतीत जेवढे चलन, तेवढ्या किमतीचे स्टर्लिंग लंडनमध्ये. त्यामुळे चलन पक्के राहिले, पण ती रक्कम वसाहतीच्या रस्त्यांना, शाळांना किंवा बंदरांना उपयोगी पडत नव्हती. कोकोचे तसेच. १९४७ पासून शेतकऱ्याचा सगळा कोको सरकारी मंडळ ठरावीक भावाने घेई, जगाच्या बाजारात चढ्या भावाने विकी आणि मधला फरक लंडनमधील रोख्यांत ठेवी. आशांतीच्या जंगलातला शेतकरी अशा रीतीने ब्रिटिश सरकारला अल्प व्याजाने पैसे पुरवत होता.

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्टचे घाना झाले, तेव्हा देशाच्या नावावर सुमारे २० कोटी पौंडांची गंगाजळी होती आणि कर्ज नगण्य होते. क्वामे एन्क्रुमा यांना हा पैसा लवकर कामाला लावायचा होता. त्यांचे सल्लागार अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस यांचे म्हणणे, आधी शेती सुधारा, आणि जो प्रकल्प परवडतो तोच हाती घ्या. दोघांचे पटले नाही आणि लुइस लवकरच निघून गेले. पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण एन्क्रुमांची घाईही समजून घ्यायला हवी. वसाहतीची सत्ता जाताच शाळा, दवाखाना, वीज हवी, ही अपेक्षा लोकांचीच होती.

व्होल्टा नदीवरील अकोसोम्बोचे धरण या घाईतले सर्वांत टिकाऊ काम. त्याचा निम्मा खर्च घानाने स्वतः उचलला. उरलेला जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडून कर्जाऊ आला. खरी अडचण दुसऱ्या प्रकारच्या कर्जाची होती. परदेशी कंपन्या यंत्रे, कारखाने, इमारती उधारीवर देत, पण ती उधारी पाच-सहा वर्षांत फेडायची असे. कारखाना नीट चालू होण्यापूर्वीच हप्ते दारात उभे राहत. तेमा बंदरात कोको साठवण्यासाठी उभारलेल्या अवाढव्य कोठारांत कोको कधी साठवलाच गेला नाही. हप्ता मात्र चुकला नाही.

त्याच वेळी कोको पडला. १९५४ मध्ये टनाला ४५० पौंडांच्या वर गेलेला भाव १९६५ च्या उन्हाळ्यात १०० पौंडांच्या आसपास आला. मधल्या काळात सरकारने १९६१ च्या अंदाजपत्रकात पगारातून सक्तीची बचत कापायला सुरुवात केली, तेव्हा सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे आणि गोदी कामगारांनी संप पुकारला. स्वातंत्र्याच्या लढ्यात एन्क्रुमांच्या मागे उभे राहिलेले हेच कामगार होते.

३.

सेडी जन्माला आली ती या वातावरणात, जुलै १९६५ मध्ये. एक सेडी म्हणजे शंभर पेसेवा, आणि पेसेवा म्हणजे जुना पेनी. म्हणून एका सेडीची किंमत ८ शिलिंग ४ पेन्स अशी अडनिडी ठरली. नोटेवर एन्क्रुमांचा चेहरा होता. सात महिन्यांत, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी ते पेकिंगमध्ये असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. नव्या राज्यकर्त्यांनी १९६७ च्या सुरुवातीस तो चेहरा हटवून 'नवी सेडी' आणली आणि काही महिन्यांतच तिचे ३० टक्के अवमूल्यन केले.

त्यानंतर लंडनमध्ये सावकार देशांच्या बैठका झाल्या : १९६६, १९६८, १९७०. हप्ते पुढे ढकलले गेले, पण ढकललेल्या हप्त्यांवर पुन्हा व्याज चढले. पंतप्रधान कोफी बुसिया यांनी २७ डिसेंबर १९७१ रोजी डॉलरचा भाव १.०२ सेडीवरून १.८२ वर नेला. सतराव्या दिवशी, १३ जानेवारी १९७२ रोजी, कर्नल अचेम्पाँग यांनी सरकार पाडले. त्यांनी सेडी पुन्हा वधारून डॉलरचा भाव १.२८ वर आणला, आणि एन्क्रुमा-काळातील भ्रष्ट वाटणारी काही कर्जे फेडण्यास साफ नकार दिला. 'येन्तुआ', म्हणजे 'आम्ही देणार नाही', ही घोषणा रस्त्यारस्त्यांवर घुमली. सावकारही नमले : १९७४ च्या रोममधील करारात घानाला पूर्वीपेक्षा पुष्कळ लांब मुदत आणि हलके व्याज मिळाले.

पण या विजयातून एक चुकीचा धडा घेतला गेला. अवमूल्यन केले की खुर्ची जाते, हे प्रत्येक राज्यकर्त्याने मनाशी पक्के धरले. मग सरकार नोटा छापत राहिले आणि विनिमय दर मात्र खिळ्यावर टांगून ठेवला. १९७८ नंतर पाच वर्षे डॉलरचा अधिकृत भाव २.७५ सेडी होता. १९८३ च्या काळ्या बाजारात तो वीसपटीहून अधिक झाला होता. ज्याला सरकारी दराने डॉलर मिळण्याचा परवाना मिळे, तो न हलता श्रीमंत होई. या सगळ्या व्यवहाराला लोकांनी 'कालाबुले' असे नाव दिले.

शेतकऱ्याने काय केले? त्याला कोकोचा भाव सेडीत मिळत होता आणि सेडीत विकत घ्यायला दुकानात काही नव्हते. त्याने रात्री पोती डोक्यावर घेऊन आयव्हरी कोस्ट आणि टोगोच्या सीमा ओलांडल्या, किंवा झाडांकडे पाहणेच सोडले. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांच्या वर गेलेले कोकोचे उत्पादन १९८३-८४ मध्ये १.६ लाख टनांच्या खाली आले. ज्या पिकाने कर्ज फेडायचे, तेच पीक कर्ज लपवण्याच्या धोरणाने संपवले.

दोष मात्र भलत्यांच्या माथी गेला. १९७९ च्या मार्चमध्ये नोटा बदलल्या. दहा जुन्या सेडींना सात, आणि मोठ्या रकमांना पाचच नव्या मिळाल्या. जूनमध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या बंडानंतर अचेम्पाँग यांच्यासह माजी लष्करशहांना गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्टमध्ये सैनिकांनी अक्राचा माकोला बाजार सुरुंग लावून जमीनदोस्त केला, कारण भाववाढीला तेथील विक्रेत्या बायका जबाबदार आहेत असे ठरले होते. बाजार गेला, भाव राहिले.

१९८३ साली सगळे एकदम कोसळले. दुष्काळ, वणवे, आणि नायजेरियाने हाकलून दिलेले सुमारे दहा लाख घानावासी. उपासमारीने वर आलेल्या गळ्याच्या हाडांना लोक कडवट विनोदाने 'रॉलिंग्जचा हार' म्हणू लागले. त्याच वर्षी क्रांतीची भाषा बोलणाऱ्या रॉलिंग्ज यांनी अर्थमंत्री क्वेसी बॉचवे यांच्यासह नाणेनिधीची वाट धरली आणि ऑक्टोबरमध्ये डॉलर ३० सेडीवर नेला. शेतकऱ्याला भाव मिळू लागला आणि कोको परतला. मात्र सरकारी नोकऱ्या गेल्या आणि दवाखान्यात आधी पैसे मोजावे लागू लागले.

४.

२००४ पर्यंत घानाला गरीब कर्जबाजारी देशांसाठीच्या योजनेत मोठी कर्जमाफी मिळाली. जुलै २००७ मध्ये चार शून्ये पुसली गेली : दहा हजार जुन्या सेडींची एक नवी सेडी, आणि डॉलर ९३ पेसेवांना. समुद्रात तेल सापडले. ऑक्टोबरमध्ये घानाने आंतरराष्ट्रीय बाजारात ७५ कोटी डॉलरचे दहा वर्षांचे रोखे साडेआठ टक्क्यांनी विकले; अशी कर्जमाफी घेतलेल्या देशांत हे पाऊल टाकणारा तो पहिलाच. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांचा नवा प्रासाद भारताने दिलेल्या कर्जातून उभा राहत होता. बांधकाम मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीकडे होते. कर्ज काढून प्रासाद कशाला, हा प्रश्न अक्रात तेव्हाही विचारला गेला.

डॉलरमधील कर्जाचे गणित मुळात सोपे आहे. २००७ मध्ये घेतलेले १०० डॉलर म्हणजे ९३ सेडी. ते २०१७ मध्ये परत करताना सुमारे ४४० सेडी लागले. सरकार कर गोळा करते सेडीत आणि हप्ता भरते डॉलरमध्ये. म्हणून एक पैसाही नवा न घेता कर्ज फुगते. शिवाय जुने रोखे फेडायला नवे विकावे लागतात, आणि ते विकत घेणारे आहेत तोवरच हे चालते.

२०२२ मध्ये ते थांबले. वर्षारंभी ६ सेडींना मिळणारा डॉलर नोव्हेंबरात १४ च्या आसपास गेला, डिसेंबरात महागाई ५४ टक्क्यांवर पोहोचली. मध्यवर्ती बँकेने सरकारला पैसा पुरवला आणि तिच्या त्या वर्षीच्या हिशेबात ६० अब्ज सेडींहून अधिक तोटा निघाला. १९ डिसेंबरला सरकारने बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले. देशातील रोखेधारकांना त्याआधीच सांगितले होते : जुने रोखे द्या, नवे घ्या, व्याज कमी, मुदत लांब.

या रोखेधारकांत निवृत्त शिक्षक होते, परिचारिका होत्या. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी सरकारी रोख्यांत ठेवली होती, कारण सरकार बुडत नाही, असे सरकारनेच सांगितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे वृद्ध अर्थमंत्रालयासमोर फलक घेऊन बसले. देशाच्या माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्यांच्यात येऊन उभ्या राहिल्या. निवृत्तांच्या रोख्यांना पुढे वगळावे लागले. १९७९ मध्ये माकोलाच्या बायकांना ही संधी नव्हती. नोटा बदलताना कोणाची बाजू ऐकली गेली नव्हती. २०२३ मध्ये ती ऐकावी लागली. मला या साठ वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच वाटतो.

मे २०२३ मध्ये नाणेनिधीने ३ अब्ज डॉलर मंजूर केले; स्वातंत्र्यानंतरचा हा सतरावा कार्यक्रम. २०२४ मध्ये परदेशी रोखेधारकांशीही तडजोड झाली. २०२५ मध्ये सोन्याचा भाव चढला आणि सेडी अनेक वर्षांनी जोरात वधारली. गोल्ड कोस्टला पुन्हा सोन्याने हात दिला, असे म्हणता येईल. पण कोकोनेही १९५४ मध्ये असाच हात दिला होता.

कवडीला स्वतःचे मोल कधीच नव्हते. उद्या कोणीतरी ती घेईल, या भरवशावर ती चाले. नोटेचे तसेच, सरकारी रोख्याचेही तसेच. तो भरवसा मोडतो तेव्हा त्याची किंमत आधी मोजतो तो ज्याने तो सर्वांत अधिक ठेवला. घानाच्या इतिहासात तो कधी कोकोचा शेतकरी होता, कधी बाजारातली बाई, कधी पेन्शनर. कर्ज काढताना त्यांतल्या कोणाला विचारले गेल्याची नोंद मात्र सापडत नाही.