रमाबाई आंबेडकर नगर गोळीबार व शाहिरी

घाटकोपर (मुंबई) येथे ११ जुलै १९९७ रोजी दलित जमावावर झालेला पोलीस गोळीबार व त्याचे आंबेडकरी गायनातील पडसाद. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळल्यावर रहिवासी महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. व्यथित शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलैला आत्महत्या केली. डाव्या चळवळीत गाणाऱ्या घोगरेंनी अखेरीस कपाळाला आंबेडकरी चळवळीची निळी पट्टी बांधली होती, हे विशेष लक्षणीय. आनंद पटवर्धन यांच्या, १४ वर्षे चित्रीकरण चाललेल्या ‘जयभीम कॉम्रेड’ माहितीपटात घोगरे व कबीर कला मंच हा गायक गट यांचे गायन आहे. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली.