एका ओंडक्यातील वाडगे

१/४ इंग्लंडमधील बकलबरीचे कातारी जॉर्ज लेली पायाने चालणाऱ्या लेथवर एल्मच्या लाकडाचे वाडगे कातत. वर लवचिक दांडा, खाली पायपट्टी. दोहोंना जोडणारी दोरी लाकडाभोवती गुंडाळलेली.

२/४ पाय दाबला की लाकूड फिरे व हत्यार कापे. पाय उचलला की दांडा ते उलट फिरवी.

३/४ आकड्यासारख्या वाकड्या पात्याने ते एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत. आतले लाकूड ढलप्यांत वाया जात नसे.

४/४ १९५८ साली ते वारले. मागे शिष्य नव्हता. परंतु त्यांचा लेथ व हत्यारे रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात जपली गेली. पुढे रॉबिन वुड यांनी त्यांचा अभ्यास करून ही विद्या पुन्हा हस्तगत केली. इतिहासाच्या अभ्यासकासाठी झिजलेले पातेही दस्तऐवजच असते.