फितीची लांबी

जुने स्पूल टेपरेकॉर्डर दुरुस्त करून वापरण्याचा छंद अलीकडे काही ठिकाणी पुन्हा मूळ धरू लागला आहे. त्याचा प्रारंभ यंत्रखरेदीने होतो असा सर्वसाधारण समज दिसतो. आमच्या मते तो फितीच्या ओळखीने व्हावा.

फ्रिट्झ प्फ्लॉयमर या जर्मन अभियंत्याने १९२८ साली कागदी पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून फीत सिद्ध केली. १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीचे 'मॅग्नेटोफोन' अवतरले. युद्धानंतर जॅक मलिन याने अशी दोन यंत्रे जर्मनीतून अमेरिकेत नेली आणि १९४७ पासून बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम फितीवर मुद्रित होऊ लागला.

आपल्या दृष्टीने खरी क्रांती लांबीची होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत, म्हणजे रागाचा केवळ सारांश. सात इंची चक्रीवरील १२०० फूट फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ३२ मिनिटे चालते. वेग निम्मा केला की वेळ दुप्पट. मात्र तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी आणि शब्दांतले 'स', 'श' मंदावतात. महाराष्ट्रातील रसिकांनी खासगी मैफली टिपल्या त्या याच सौद्यावर. विलंबित ख्याल त्यामुळे सबंध उरला.

अशी फीत बहुधा एकमेव प्रत असते, पोथीसारखी. खोक्यावरची तारीख, राग, वेग यांची नोंद ही तिची पुष्पिका. ती फेकून देणारे छांदिष्ट आम्हांस यंत्र बिघडवणाऱ्यांपेक्षा अधिक अपराधी वाटतात! नवशिक्याने पहिले प्रयोग बिनमोलाच्या फितीवर करावेत, आणि त्याआधी यंत्राची हेड्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेटची फीत कुजू लागली असे समजावे. १९७०-८० च्या दशकांतील काही फितींचा बंधक थर दमटपणा शोषून चिकट होतो. त्या वाजवू पाहिल्यास थरच खरवडून निघतो. तज्ज्ञ त्यांना सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियसवर काही तास ऊब देतात व लगोलग प्रत काढतात. ॲसिटेटवर मात्र हा उपचार कदापि करू नये.

वाजवून झालेली फीत उलटी न गुंडाळता तशीच, शेवट बाहेर ठेवून, जपावी. शेजारच्या वेढ्यांचे चुंबकीय ठसे एकमेकांवर उमटतातच. अशा ठेवणीत त्यांतला ठळक ठसा स्वराच्या मागून येतो आणि त्यातच लपतो. एरवी गायकाने आवाज लावण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते.