‘ईस्ट इंडियन’ या नांवाची कुळकथा



विवाहपूर्व शिकवणीस आलेल्या एका तरुणानें मला विचारलें, “फादर, आपण स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवितों, पण आपलीं गांवें तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर! मग हें पूर्वेचें नांव आलें कोठून?” प्रश्न रास्त होता. महोत्सवाच्या निमित्तानें त्याचें उत्तर येथें देतों.

नांवाचें मूळ आपल्याच सिंधु नदींत आहे. ‘सिंधु’चा इराण्यांनीं ‘हिंदु’ केला, ग्रीकांनीं ‘इंदोस’. त्यावरून ‘इंडिया’ झालें. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांस लागला व त्यांसच हिंद समजला. पुढें तीं बेटें ‘वेस्ट इंडीज’ ठरलीं आणि आपण पूर्वेचे झालों. १६०० सालच्या इंग्रज कंपनीनें हेंच नांव घेतलें.

मग एका शब्दास निरनिराळीं माणसें चिकटलीं. बंगाल्यांत युरोपीय पिता व हिंदी माता यांची संतति ईस्ट इंडियन म्हणवी. १८३० सालीं जॉन रिकेट्स यांनीं तिचाच अर्ज ब्रिटिश पार्लमेंटापुढें नेला. त्रिनिदादमध्यें १८४५ पासून मजुरीस नेलेल्या हिंदी लोकांच्या वंशजांस आजही हेंच नांव आहे.

आपले पूर्वज मात्र इंग्रजी अमलांत ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणविले जात. साष्टी-वसईंतील पोर्तुगीज सत्ता मराठ्यांनीं १७३९ पर्यंत संपविली होती. पण बाप्तिस्म्याबरोबर आलेलीं परेरा, डिसोझा हीं आडनांवें राहिलीं. पुढें गोवा व मंगळूरकडील ख्रिस्ती बंधु नोकरीसाठीं मुंबईंत आले. त्यांचींही आडनांवें तींच! सरकारी नोकरींत आपण येथलेच, हें दाखविणें प्राप्त झालें. म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवीं, आपल्या पुढाऱ्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव स्वीकारलें व २६ मे रोजीं ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापिली. नवल हें कीं, ज्या कंपनीची आठवण तें नांव देतें, ती १८७४ सालींच विसर्जित झाली होती.

मग परक्याचें म्हणून हें नांव टाकावें काय? मला तसें वाटत नाहीं. त्याखालीं कुणबी, कोळी, भंडारी एक झाले, हा लाभ थोडा नव्हे. परंतु नांव हा अंगरखा आहे, अंग नव्हे. त्या नांवाच्या कितीतरी आधीं आपले लोक याच मातींत भात लावीत होते आणि मराठी बोलत होते. आज पुष्कळ घरीं नातवंडें आजीशीं इंग्रजींतच बोलतात, याची मात्र मला चिंता वाटते.

शिमोनास प्रभूनें ‘पेत्र’ हें नवें नांव दिलें. तरी प्रमुख याजकाच्या अंगणांत लोकांनीं त्यास ओळखलें, तें त्याच्या गालीली बोलीवरून. आपणांसही कोणीं तसेंच ओळखावें, एवढी बोली आपल्या घरांत राहो.