अस्सल गाडी कोणती? फोर्ड आरएस२०० आणि इतिहासाचा एक जुना प्रश्न

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, इतिहासाच्या वर्गात 'अस्सल' हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल. अस्सल पत्र, अस्सल सनद, अस्सल शिक्का. नक्कल वेगळी, बखर वेगळी. राजवाड्यांपासून आपल्याकडे हा आग्रह पक्का आहे आणि तो योग्यच आहे. पण तुमचं साधन कागद नसून वस्तू असेल तर? आणि ती वस्तू कपाटात न ठेवता पुन्हा वापरायची असेल तर? तिथे अस्सल कशाला म्हणायचं?

उदाहरण म्हणून आज एक मोटारगाडी घेऊ: फोर्ड आरएस२००. रॅलीसाठी बनलेली ही गाडी दुर्मीळ आहे. तुमच्यासमोर तिचा मालक आणि मेकॅनिक उभे आहेत असं समजा. गाडी नीट करून रोजच्या रस्त्यावर चालवायची आहे. मेकॅनिक विचारतो, "साहेब, हिला नेमकं कुठल्या अवस्थेत परत न्यायचं?" प्रश्न गॅरेजमधला वाटतो, पण तो इतिहासाचा आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी ही गाडी का जन्मली ते पाहायला हवं.

नियमाच्या पोटी जन्मलेली गाडी

१९८२ साली मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे फिसाने, रॅलीसाठी 'ग्रुप बी' नावाचा वर्ग सुरू केला. अट अशी होती की कंपनीने बारा महिन्यांत एकाच प्रकारच्या किमान २०० गाड्या बनवायच्या. तपासनीस त्या पाहणार आणि मग त्या गाडीला स्पर्धेत उतरायची मान्यता मिळणार. या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. त्यानंतर आणखी २० गाड्या सुधारून दाखवल्या की त्या सुधारणाही रॅलीत चालत.

फोर्डची आधीची तयारी मागच्या चाकांवर चालणाऱ्या एस्कॉर्ट आरएस१७००टीची होती. पण तोवर ऑडीच्या क्वाट्रोने चारही चाकांना ताकद देण्याचा फायदा सगळ्यांना दाखवून दिला होता. १९८३ मध्ये फोर्डने जुनी योजना गुंडाळली आणि कोऱ्या कागदावरून नवी गाडी आखायला घेतली. बाहेरचा आकार घिआ या इटालियन डिझाइन स्टुडिओचा, चेसिसचं काम टोनी साउथगेट या शर्यतीच्या गाड्यांच्या अभियंत्याचं, आणि इंजिन कॉसवर्थचं १८०३ सीसीचं टर्बो. हे इंजिन त्या गुंडाळलेल्या योजनेतूनच आलं होतं. म्हणजे 'नव्या' गाडीच्या पोटात जुनी गाडी होतीच.

मांडणीही वेगळी होती. इंजिन सीटच्या मागे आणि गिअरबॉक्स थेट पुढच्या चाकांपाशी. ताकद आधी पुढे जायची आणि मग दुसऱ्या शाफ्टने मागच्या चाकांकडे परत यायची. एवढा उपद्व्याप वजन दोन्ही टोकांना सारखं वाटलं जावं म्हणून. प्रत्येक चाकाला दोन-दोन शॉक अ‍ॅब्झॉर्बर. बॉडी फायबरची. समोरची काच आणि मागचे दिवे मात्र फोर्डच्या साध्या सिएरा गाडीचे. जुळणी इंग्लंडमध्ये शेनस्टोन इथे रिलायंट या कंपनीच्या जागेत झाली, कारण फायबरच्या बॉडीचं काम त्या लोकांच्या हातात बसलेलं होतं.

आता एक आकडा बघा. पुढे सुधारलेल्या 'इव्होल्यूशन' गाड्यांसाठी इंजिन २१३७ सीसीचं केलं. हा विचित्र आकडा का? नियमाप्रमाणे टर्बो इंजिनाचं आकारमान १.४ ने गुणलं जाई आणि त्यावरून गाडीचा वजनाचा गट ठरे. २१३७ गुणिले १.४ म्हणजे साधारण २९९२. गटाची मर्यादा होती ३०००. अभियंत्यांनी इंजिन मर्यादेच्या काठापर्यंत नेऊन थांबवलं. नियमपुस्तक हरवलं तरी या इंजिनावरून त्यातला एक नियम तुम्हाला शोधून काढता येईल. वस्तू साधन म्हणून वाचायची ती अशी.

चार महिन्यांत सगळं संपलं

१ फेब्रुवारी १९८६ ला आरएस२००ला मान्यता मिळाली. त्याच महिन्यात स्वीडनच्या रॅलीत काले ग्रुंडेलने ती तिसऱ्या क्रमांकावर आणली. मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत, सिंत्राजवळ, जोआकिम सांतोस चालवत असलेली आरएस२०० प्रेक्षकांत घुसली. तीन प्रेक्षकांचा जीव गेला, तीसहून जास्त जखमी झाले. मोठ्या कंपन्यांच्या संघांनी रॅली सोडली. २ मे रोजी कॉर्सिकात लान्शिया डेल्टा एस४ रस्त्यावरून खाली कोसळून पेटली आणि हेन्री टोइव्होनेन व त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. त्यानंतर लगेच फिसाचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी जाहीर केलं की १९८७ पासून ग्रुप बी बंद.

फोर्डच्या हातात २०० गाड्या राहिल्या, पण त्या ज्या स्पर्धेसाठी बनवल्या ती स्पर्धाच उरली नाही. मग काही गाड्या सावकाश सजवून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. काही सुट्या भागांसाठी खोलल्या गेल्या. काही रॅलीक्रॉसमध्ये गेल्या. १९९१ मध्ये मार्टिन शांकेने युरोपची रॅलीक्रॉस स्पर्धा आरएस२०० घेऊनच जिंकली.

तुमच्या समोरच्या गाडीचा प्रश्न इथे अवघड होतो. रस्त्यावर चालवणं हा या गाडीचा मूळ हेतू कधी नव्हताच. रस्त्यावरच्या मॉडेलचं खरं काम होतं तपासनीसांसमोर रांगेत उभं राहून मोजलं जाणं.

पाना फिरवला की पुरावा हलतो

आता मेकॅनिकच्या कामाची यादी घेऊ आणि प्रत्येक कामापुढे इतिहासाचा प्रश्न लिहू.

पेट्रोलची टाकी. शर्यतीच्या गाड्यांत अनेकदा रबरी पिशवीची टाकी असते. आंतरराष्ट्रीय नियमांत तिचं आयुष्य पाच वर्षं, तपासणी करून आणखी दोन. जुनी पिशवी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ, ती बदललीच पाहिजे. पण पिशवीवर बनल्याची तारीख छापलेली असते. ही गाडी कुठल्या वर्षापर्यंत शर्यतीत होती, याचा तो पुरावा असू शकतो. पिशवी भंगारात गेली की तारीखही गेली.

इंजिनाचा कंट्रोल. त्या काळच्या टर्बोची ताकद उशिरा आणि एकदम येते. नवा कॉम्प्युटर आणि नवा टर्बो बसवला तर गाडी शहरातही शहाण्यासारखी चालते. मालकाला तेच हवं. पण १९८६ चा चालक पायाखाली काय हाताळत होता, हे तुम्हाला अभ्यासायचं असेल, तर नेमकं तेच या सुधारणेत पुसलं जातं.

बॉडी आणि रंग. तडकलेलं फायबर घासून पुन्हा रंगवताना खालचे थर निघून जातात. जुनी दुरुस्ती कुठे झाली, स्टिकर कुठे होते, एखाद्या शर्यतीसाठी रंग बदलला होता का, हे सगळं त्या थरांत असतं. आपण जुन्या पोथीचं पान घासून चकचकीत करत नाही, पण गाडीचं करतो आणि त्याला 'शोरूम कंडिशन' म्हणून कौतुकही करतो.

एवढं करून प्रश्न उरतोच: परत न्यायचं ते कुठल्या तारखेला? तपासनीसांनी मोजली त्या दिवसाला? पहिल्या मालकाने चावी घेतली त्या दिवसाला? की रॅलीक्रॉसच्या वर्षांना? यातली कुठलीही तारीख खोटी नाही. पण एक निवडली की बाकीच्या झाकल्या जातात.

न्यायालयापुढे गेलेला प्रश्न

हा वाद इंग्लंडमध्ये एकदा न्यायालयातही गेला. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० मध्ये ल मान्सची शर्यत जिंकली होती. १९३२ मध्ये ब्रूकलंड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला, क्लाइव्ह डनफी हा चालक त्यात गेला. नंतर ती पुन्हा उभी केली गेली. पुढे तिच्या विक्रीचा मोठा व्यवहार ठरला, तेव्हा खरेदीदाराचं म्हणणं पडलं की ही ती गाडीच नव्हे, मूळचं हिच्यात उरलंय काय? १९९० मध्ये न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. सुटे भाग बहुतेक बदललेले आहेत हे त्यांनी मान्य केलं. पण ही गाडी अखंडपणे तीच गाडी म्हणून जगत आली, तिचा धागा कुठे तुटला नाही, म्हणून ती अस्सल.

हा निकाल तुम्हाला पटो न पटो, त्यातला भेद लक्षात ठेवा. भाग मूळचे असणं वेगळं आणि वस्तूची ओळख अखंड असणं वेगळं.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, केलेली ट्यूरिन सनदही याच वाटेने जाते. १९६४ ची व्हेनिस सनद जशी इमारतींसाठी, तशी ही वाहनांसाठी. वाहन रस्त्यावर चालावं हे ती मान्य करते. पण केलेला बदल शक्यतो परत फिरवता यावा आणि त्याची नोंद राहावी, असा तिचा आग्रह आहे.

माझं मत असं: आरएस२०० रस्त्यासाठी सुधारणं यात गैर काही नाही. रस्त्याच्या बाबतीत ती कायम अर्धवटच होती, आणि ज्या गाडीच्या इतिहासात माणसं मेली आहेत तिचे ब्रेक आणि टाकी 'मूळचे' ठेवण्यात कसला आलाय मोठेपणा? गैर आहे ते नोंद न ठेवता केलेलं काम.

मग तुम्ही काय करायचं?

पहिलं, 'मूळ' हा शब्द लिहिलात की पुढे तारीख लिहा. मूळ म्हणजे कधीचं? हस्तलिखिताची आवृत्ती असो, वाड्याचा नकाशा असो की गाडी, तारखेशिवाय 'मूळ' या शब्दाला अर्थ नाही.

दुसरं, साधनाला हात लावण्याआधी फोटो, मापं, क्रमांक घ्या. काढलेला भाग फेकू देऊ नका. चिठ्ठी बांधून ठेवायला सांगा.

तिसरं, कागद आणि वस्तू एकमेकांसमोर उभे करा. होमोलोगेशनचा फॉर्म सांगतो की २०० गाड्या होत्या. पण लान्शियाच्या ०३७ बद्दल रॅलीवाले एक किस्सा रंगवून सांगतात: तपासनीसांना निम्म्या गाड्या दाखवल्या, मध्ये छान जेवण घातलं आणि त्याच गाड्या दुसऱ्या आवारात नेऊन पुन्हा मोजायला लावल्या. किस्सा म्हणजे बखर, फॉर्म म्हणजे सरकारी कागद. दोघांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. चेसिसचे क्रमांक मागा, ते कुठे-कुठे सापडतात ते बघा.

आणि मेकॅनिकशी बोला. जुनी गाडी खोलताना कुठला बोल्ट आधी कुणीतरी खोललेला आहे, हे त्याला हाताला कळतं. ते अजून कुठल्याच दप्तरात नोंदलेलं नसतं. तुम्ही लिहून घेतलंत तरच ते नोंदलं जाईल.